वसंतात न पालटलेलं तळं: मिरर लेक आणि रस्त्यावरचं मीठ

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात ॲडिराँडॅक नावाचा डोंगराळ, जंगलाचा मुलूख आहे. त्यात लेक प्लॅसिड हे गाव. नावावरून गफलत होते म्हणून आधीच सांगतो: लेक प्लॅसिड नावाचं मोठं सरोवर गावाच्या उत्तरेला आहे आणि गाव पिण्याचं पाणी त्यातूनच घेतं. पण मेन स्ट्रीट ज्या पाण्याच्या कडेने जाते ते तळं वेगळं. त्याचं नाव मिरर लेक. जेमतेम ५० हेक्टरांचं, सर्वांत खोल जागी सुमारे १८ मीटर. दुकानं, हॉटेलं आणि पार्किंगच्या जागा थेट काठापर्यंत आलेल्या. उन्हाळ्यात आयर्नमॅन शर्यतीचं पोहणं इथेच होतं, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर लोक स्केटिंग करतात. १९३२ आणि १९८० अशी दोन हिवाळी ऑलिंपिक या गावाने भरवली.

२०१७ च्या वसंतात हे तळं पालटलं नाही. काठावरून पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसलं नसतं. पाणी निवळ होतं, वास नव्हता, मासे मरून तरंगत नव्हते. बिघाड दिसला तो दोरीला बांधून खाली सोडलेल्या उपकरणाला.

तळं पालटणं म्हणजे काय

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, हे शाळेत आपण परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. थंड प्रदेशातल्या तळ्यांचं सारं वार्षिक वेळापत्रक या एका आकड्यावर बेतलेलं आहे. हिवाळ्यात वर बर्फ, त्याखाली शून्याजवळचं हलकं पाणी, तळाशी ४ अंशांच्या जवळचं जड पाणी. वसंतात बर्फ फुटतो, वरचं पाणी तापत तापत ४ अंशांवर येतं आणि काही दिवस वरपासून तळापर्यंत सगळं पाणी सारख्याच वजनाचं होतं. मग साधा वारासुद्धा अख्खं तळं ढवळून काढतो. वरचा प्राणवायू तळाला पोचतो तो याच दिवसांत. पुढे उन्हाने वरचा थर गरम आणि हलका झाला की तळाचं दार बंद. शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन पुन्हा घुसळण होईपर्यंत तळाला वसंतातल्या त्या शिदोरीवरच दिवस काढावे लागतात.

आपल्या धरणांत हे असं वर्षातून दोनदा घडत नाही. इथलं पाणी ४ अंशांपर्यंत कधी उतरतच नाही. थंडीत वरचं पाणी जरा गार होऊन खाली जातं, तेवढीच काय ती ढवळाढवळ. म्हणून वसंतात तळं पालटलं नाही हे ऐकून आपल्याला फारसं काही वाटत नाही. तिथल्या तळ्याच्या बाबतीत मात्र ती वर्षभराची बेगमी हुकल्यासारखी गोष्ट आहे.

आता यात मीठ कुठून आलं? हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला तिथे मीठ टाकतात. अधूनमधून ऊन पडतं, तो मिठाळलेला बर्फ वितळतो आणि ती मिठवणी गटारातून तळ्यात उतरते. वर बर्फाचं झाकण असल्याने वारा पाण्याला शिवत नाही. जड मिठवणी उताराउताराने सरकत सर्वांत खोल खळग्यात जाऊन बसते. एका लिटरमागे १०० मिलिग्रॅम मीठ म्हणजे जिभेला कळणारही नाही इतकं. पण तेवढ्याने एक घनमीटर पाणी साधारण ७५ ते ८० ग्रॅमने जड होतं. ४ अंशांचं पाणी आणि ७ अंशांचं पाणी यांच्या वजनातला फरकही जवळपास तेवढाच भरतो. म्हणजे तळाच्या पाण्यात वरच्यापेक्षा एवढंसं मीठ जास्त असेल, तर वरचं पाणी ४ अंशांना पोचूनही तळाशी समान वजनाचं होत नाही. त्या दिवसांत जोराचा वारा बराच वेळ सुटला तर जमतं. नाही सुटला, तर वरचं पाणी तापून आणखी हलकं होतं आणि संधी गेली.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग. क्षारतेबद्दल आपण नेहमी विषाच्या भाषेत बोलतो: किती मात्रेला मासा मरतो, किती मात्रेला पाणी मचूळ लागतं. मिरर लेकमध्ये मिठाने कोणाला विष म्हणून मारलं नाही. त्याने नुसत्या वजनाने दार लावून घेतलं.

निदान कसं झालं

ऑसेबल नदीच्या खोऱ्यासाठी काम करणारी ऑसेबल रिव्हर असोसिएशन ही संस्था या तळ्याची नियमित मोजणी करत होती. ब्रेंडन विल्ट्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मोजणीची रीत साधी आहे. तळ्याच्या सर्वांत खोल जागी जायचं, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून आणि इतर वेळी होडीतून, आणि मीटरामीटराला तापमान, प्राणवायू आणि विद्युतवाहकता नोंदवायची. मीठ विरघळलं की वाहकता वाढते, त्यामुळे मिठाचा थर आलेखावर सरळ दिसतो.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. एखाद्या वर्षी वसंत आखूड आणि उबदार असला, तर मिठाशिवायही तळ्याची घुसळण अपुरी राहू शकते. म्हणून नुसतं तापमान पाहून भागत नाही. तळाचं पाणी जड आहे ते गारव्यामुळे किती आणि मिठामुळे किती, हा हिशेब वेगळा करावा लागतो. तो केल्यावर मिठाचा वाटा निर्णायक ठरला. माझ्या मते याचा अर्थ असा लावायला हवा: मीठ दरवर्षी तळं अडवतंच असं नाही, पण ते तळ्याला वाऱ्याच्या मर्जीवर सोडतं. पूर्वी जे हटकून व्हायचं ते आता जमलं तर होतं.

परिणाम दिसला तो तळाच्या प्राणवायूत. प्राणवायू नसलेला थर जाड झाला आणि जास्त दिवस टिकला. मिरर लेकमध्ये लेक ट्राउट हा मासा आहे. त्याला गार पाणी लागतं आणि भरपूर प्राणवायूही लागतो. उन्हाळ्यात वर जावं तर पाणी कोमट, खाली जावं तर श्वास नाही, अशी त्याची कोंडी होते आणि मधला राहण्याजोगा पट्टा आक्रसत जातो. शिवाय प्राणवायू संपलेल्या तळात गाळातल्या लोहाला धरून बसलेला फॉस्फरस सुटा होतो आणि शेवाळाला खत मिळतं. म्हणजे दुखणं एकाचं, पण पुढची दुखणी ओळीने.

याच भागातलं आणखी एक काम इथे उपयोगी पडतं. डॅन केल्टिंग आणि सहकाऱ्यांनी ॲडिराँडॅकमधली शंभराहून अधिक तळी तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या पाणलोटात डांबरी रस्ताच नाही अशा तळ्यांत क्लोराइड (सोडियमबरोबरचा मिठाचा दुसरा घटक) लिटरमागे पाव मिलिग्रॅमच्या आसपास. रस्ते असलेल्या पाणलोटांतली तळी क्लोराइडच्या चढत्या क्रमाने लावली तर बरोबर मधल्या तळ्याचा आकडा ७ मिलिग्रॅमच्या घरात. पाव आणि सात. इथल्या मूळ खडकातून क्लोराइड जवळजवळ येतच नाही, समुद्रही दूर, त्यामुळे हा फरक रस्त्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही.

मीठ आलं कसं

अमेरिकेत रस्त्यावर मीठ टाकायची प्रथा जुनी वाटते, पण तशी ती नाही. १९४१-४२ च्या हिवाळ्यात साऱ्या देशात मिळून सुमारे ५,००० टन मीठ महामार्गांवर पडलं होतं. आज हा आकडा वर्षाला २ कोटी टनांच्या आसपास सांगितला जातो. आधी वाळू किंवा राख टाकत, चाकांना साखळ्या बांधत, आणि बर्फ जास्त झाला तर घरी बसत. मोटारींची गर्दी, वाढलेला वेग आणि ‘सकाळी कामावर पोचलंच पाहिजे’ ही अपेक्षा यांनी रस्ता काळा दिसलाच पाहिजे हा दंडक आणला. तिथे त्याला ‘बेअर रोड’ धोरण म्हणतात. लेक प्लॅसिड भागातले लोक राज्याच्या रस्त्यांवरच्या मिठाची वाढ १९८० च्या ऑलिंपिकशी जोडतात. गंमत अशी, की त्या वर्षी नैसर्गिक बर्फ कमी पडला आणि ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच यंत्राने केलेला बर्फ वापरावा लागला. डोंगरावर बर्फ बनवायची यंत्रं, आणि खाली रस्त्यावर बर्फ घालवायचं मीठ.

मीठ बर्फ वितळवतं म्हणजे काय करतं, हेही नीट पाहिलं पाहिजे, कारण निम्मी उधळपट्टी तिथेच होते. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली ढकलतं. उणे १ अंशाला एक किलो मीठ साधारण ४६ किलो बर्फ वितळवू शकतं. उणे ७ अंशांना तेच एक किलो साडेआठ किलोवर येतं. उणे १० च्या खाली साधं मीठ इतकं सावकाश काम करतं की ते टाकण्यात अर्थ उरत नाही. पण हात थांबत नाही. उलट ‘वितळत नाही, अजून टाका’ असंच होतं, आणि न विरघळलेले खडे चाकांखालून उडून रस्त्याच्या कडेला जातात, तिथून ओढ्यात.

त्यात मिठाचा स्वभाव असा की ते कुठे जिरत नाही. सांडपाण्यातली घाण जंतू खातात, तेल हळूहळू कुजतं, गाळ खाली बसतो. क्लोराइड मात्र ना कुजत, ना उडून जात, ना मातीला चिकटत. सोडियम काही प्रमाणात मातीत अडकतं, पण अडकताना मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बाहेर काढतं. क्लोराइडचा काही भाग भूजलात उतरतो आणि तिथून महिनोन्महिने, वर्षानुवर्षं झिरपत राहतो. म्हणूनच कुठल्याशा ओढ्यात भर जुलैत, बर्फाचा मागमूस नसताना, क्लोराइड वाढलेलं सापडतं.

हिशेब करून पाहिला तर छाती दडपते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८८ मध्ये गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम ठरवली. एक किलो मिठात सुमारे ६०० ग्रॅम क्लोराइड असतं. म्हणजे एक किलो मीठ २,६०० लिटर निर्मळ पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. आणि ती मर्यादा तरी पुरेशी आहे का? विल्यम हिंट्झ, शेली अर्नॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, कॅनडा, स्पेन आणि स्वीडनमध्ये १६ ठिकाणी एकसारखे प्रयोग करून २०२२ मध्ये उत्तर दिलं: नाही. सरकारी मर्यादा गाठण्याआधीच किंवा गाठताना, जवळपास तीन चतुर्थांश ठिकाणी पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांचा किमान एक गट निम्म्याहून जास्त घटला. हे प्राणी शेवाळ खातात. खाणारे गेले की शेवाळ वाढतं. कॅनडाची मर्यादा १२० आहे, म्हणजे अमेरिकेच्या जवळपास निम्मी, तरीही ती पुरत नाही.

विहिरींचंही सांगायला हवं. ॲडिराँडॅकमधली कित्येक घरं स्वतःच्या बोअरवर चालतात. राज्याच्या रस्त्याच्या उताराला असलेल्या अशा विहिरी तपासल्या तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी सोडियम लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर निघालं. मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णांसाठी तिथे हा सल्ल्याचा आकडा मानतात. खारट पाणी नळ, बॉयलर आणि भांडी धुण्याची यंत्रं खातं. जुन्या जोडांतलं शिसं सुटण्याची भीती वेगळीच. ताटातलं मीठ कमी केलेल्या रक्तदाबाच्या रुग्णाला ते नळातून मिळावं, याला काय म्हणायचं!

उपाय, आणि त्यांतल्या पळवाटा

पहिला विचार साहजिकच गाळणीचा येतो. लेक प्लॅसिडची मेन स्ट्रीट २०२१-२२ च्या सुमारास उकरून नव्याने केली, त्यात पावसाच्या पाण्याच्या गटारांचंही काम झालं. पण अशा कामाकडून काय मिळतं आणि काय नाही, हे ओळखून असावं. पाणी मुरवणाऱ्या टाक्या आणि गाळसापळे वाळू, तेल, फॉस्फरस अडवतात. मीठ त्यांतून जसंच्या तसं पार होतं. गटाराचं तोंड तळ्याऐवजी दुसरीकडे वळवलं तर तळ्याचं भलं होतं, पण मीठ कुठेतरी जातंच. मिरर लेकचं पाणी चब नदीत, तिथून ऑसेबलच्या पश्चिम फाट्यात आणि शेवटी लेक शाम्प्लेनमध्ये जातं.

दुसरा विचार मिठाला पर्याय शोधण्याचा. वाळू टाकली की ओढ्यांचे तळ बुजतात आणि वसंतात ती झाडून काढायचा खर्च येतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड जास्त थंडीत चालतात, पण क्लोराइड ते क्लोराइडच. ॲसिटेटवाली रसायनं महाग, आणि पाण्यात गेल्यावर कुजताना प्राणवायू खातात. बिटाच्या मळीचंही तेच. प्राणवायूच्या टंचाईने गांजलेल्या तळ्यात ही मात्रा म्हणजे तापावर शेक.

तेव्हा उरतं ते कमी टाकणं, आणि त्यात खरोखर वाव आहे. वादळ येण्याआधी रस्त्यावर २३ टक्क्यांच्या आसपासची मिठवणी फवारली तर बर्फ डांबराला चिकटतच नाही आणि नंतर खरवडणं सोपं जातं. कोरडे खडे टाकताना ते ओले करून घेतले तर उडत नाहीत. बर्फ खरवडणाऱ्या नांगराच्या (स्नोप्लाऊच्या) पात्याचे तुकडे करून ते स्प्रिंगवर बसवले की पातं रस्त्याच्या खाचखळग्यांत शिरतं आणि कमी बर्फ मागे राहतो. लेक जॉर्ज या सरोवराच्या काठच्या गावांनी ही पाती वापरायला घेतली आहेत. ट्रकवर डांबराचं तापमान मोजणारा संवेदक लावला तर हवेच्या नव्हे, रस्त्याच्या थंडीप्रमाणे मात्रा ठरवता येते. यांतलं एकही तंत्रज्ञान अवघड नाही. ट्रकचालकाला मोजून टाकायला सांगणं आणि मोजलेलं लिहून ठेवणं, एवढंच मुळात नव्हतं.

गाडं अडतं ते पार्किंगच्या जागांवर आणि पायवाटांवर. तिथे मीठ टाकणारा खाजगी कंत्राटदार असतो आणि त्याला भीती बर्फाची नसते, वकिलाची असते. कोणी घसरून पडलं तर ‘मी भरपूर मीठ टाकलं होतं’ हा त्याचा बचाव. जास्त टाकल्याबद्दल त्याला कोणी कोर्टात खेचत नाही. जवळच्या न्यू हॅम्पशर राज्याने यावर नेमका तोडगा काढला: प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र घेतलेल्या कंत्राटदाराला घसरगुंडीच्या दाव्यांपासून कायद्याने काही संरक्षण. माझ्या मते मिठाच्या साऱ्या चर्चेत हा सर्वांत शहाणा उपाय आहे, कारण तो मिठाला नव्हे, मीठ टाकायला लावणाऱ्या भीतीला हात घालतो. दुसरी बाजूही नाकारता येत नाही. मिठामुळे अपघात टळतात, रुग्णवाहिका वेळेवर पोचते. चढावर, वळणावर, इस्पितळाच्या दारात मीठ हवंच. सपाट पार्किंगमध्ये खडे पायाखाली करकरेपर्यंत टाकायचं कारण नाही.

(न्यू जर्सी, बोस्टन, टोरांटोकडच्या मराठी घरांतही गॅरेजमध्ये मिठाची पिशवी असतेच. तिथल्या जलसंवर्धनवाल्यांचं एक माप लक्षात ठेवण्यासारखं: कॉफीचा एक मोठा मग भरून मीठ वीस फुटी ड्राइव्हवेला पुरतं. आधी फावडं, मग मीठ. आणि उरलेले खडे झाडून पुन्हा पिशवीत.)

राज्याच्या पातळीवर डिसेंबर २०२० मध्ये कायदा झाला. त्याला विल्मिंग्टन या जवळच्या गावाचे दिवंगत प्रमुख रँडी प्रेस्टन यांचं नाव दिलं आहे. हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत ते होते. कायद्याने नेमलेल्या कार्यदलाचा अहवाल यायला सप्टेंबर २०२३ उजाडला.

तळं परत येतं का

हा प्रश्न मिरर लेकपुरता ऐकला तर नवा वाटतो, पण त्याचं उत्तर याच राज्यात काही दशकांपूर्वी मिळालेलं आहे. रॉचेस्टर शहराजवळ आयरॉन्डेक्वॉइट नावाची खाडी आहे, ऑन्टॅरिओ सरोवराला जोडलेली. १९७१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तिच्याबद्दल निबंध आला: दोन दशकांत क्लोराइड किमान पाचपट झालं होतं आणि १९६९-७० च्या हिवाळ्यात तळाशी साचलेल्या मिठवणीने १९७० च्या वसंतात पाणी पूर्ण पालटूच दिलं नव्हतं. १९३९ च्या नोंदींशी ताडून पाहिलं तर उन्हाळी थरबंदी महिनाभराने लांबली होती. पुढे त्या खोऱ्यात मीठ कमी केलं. १९७४ ते १९८४ या काळातल्या मोजण्यांवर सरकारी भूगर्भशास्त्र विभागाने अहवाल काढला, त्यात क्लोराइड उतरलेलं आणि घुसळण सुधारलेली दिसते.

विल्ट्सी आणि सहकाऱ्यांचं मिरर लेकबद्दलचं अनुमानही असंच आहे: मीठ पुरेसं कमी झालं आणि पावसाच्या पाण्याची व्यवस्था सुधारली, तर तळ्याचं पालटणं लवकर पूर्ववत होईल. ‘लवकर’ हा शब्द पृष्ठजलाला लागू पडतो. भूजलात मुरलेलं मीठ आपल्या चालीने येत राहणार, आणि उताराच्या विहिरींना त्याची वाट पाहावी लागणार.

मधल्या काळात पाहायची गोष्ट एकच आहे आणि ती स्वस्त आहे. बर्फ फुटल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होडी तळ्याच्या खोल जागी न्यायची, उपकरण खाली सोडायचं, आणि एक मीटरवरची वाहकता व तळाजवळची वाहकता शेजारीशेजारी लिहायची. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर त्या वर्षीच्या ट्राउटला उन्हाळा निभावून नेता येईल.